मांजरीची लस, बोरीची द्राक्षं आणि ब्रिटनचं वेगळं निघणं



जुलै २०२१. दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. इंदापूर तालुक्यातले एक निवृत्त शिक्षक पत्नीला घेऊन ओपीडीत आले. दोघांचा रक्तदाब पाहून झाला, गोळ्या त्याच चालू ठेवायचं ठरलं, तरी गुरुजी काही उठेनात. मग त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली लसीकरणाची प्रमाणपत्रं काढली.

"डॉक्टर, दोन्ही डोस घेतलेत, कोविशिल्डचे. मुलगी युरोपात आहे, तिच्या बाळंतपणाला जायचंय. आता म्हणतात ही लस आमच्या यादीत नाही. आणि भाचा लंडनला आहे, तो सांगतो की तिकडे हीच पुण्याची लस लोकांना टोचली. मग ही लस चांगली की वाईट, ते एकदा सांगा."

मी त्यांना म्हटलं, "लस चांगली आहे गुरुजी. भांडण कागदांचं आहे." त्यावर ते हसले, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. खरं तर माझंही झालं नव्हतं. त्यांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं, कारण ते ब्रेक्झिटमध्ये, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्यामध्ये दडलेलं आहे. ब्रेक्झिटबद्दल आपण बातम्यांत ऐकलं ते पंतप्रधान बदलले, पौंड घसरला एवढंच. पण त्याचा औषधांवर, परिचारिकांवर, लशींवर आणि आपल्याकडच्या द्राक्षांवरही परिणाम झाला. आज तीच गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

एकत्र कुटुंब कसं जमलं?

दुसऱ्या महायुद्धात युरोप बेचिराख झाला. पुन्हा लढाई होऊ नये म्हणून तिथल्या देशांनी व्यापारात एकमेकांशी गुंतायचं ठरवलं. १९५७ मध्ये रोमच्या करारावर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी सह्या केल्या. ब्रिटन तेव्हा बाहेर राहिला. पुढे आत यावंसं वाटलं, तर फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ मध्ये आणि पुन्हा १९६७ मध्ये नकार दिला. अखेर १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन आत आला. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, राहायचं की नाही यावर तिथे जनमत घेतलं गेलं आणि सुमारे दोन तृतीयांश लोकांनी 'राहू या' म्हटलं.

१९९३ पासून या देशांची एकच बाजारपेठ झाली. माल, सेवा, पैसा आणि माणसं या चारही गोष्टींना सीमा आड येईनाशी झाली.

हे समजायला आपलंच उदाहरण घेऊ. तुम्ही मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरांत उत्पादकाचा पत्ता असतो. अनेकदा तिथे हिमाचल प्रदेशातलं बद्दी दिसेल. बद्दीत बनलेली गोळी बारामतीत विकायला पुन्हा तपासणी, पुन्हा मंजुरी, पुन्हा जकात लागत नाही, कारण देश एक आणि औषधांचा कायदा एक. युरोपातही तसंच झालं. डब्लिनमध्ये बनलेली गोळी मँचेस्टरमध्ये आणि मँचेस्टरची गोळी मिलानमध्ये बिनबोभाट विकली जाऊ लागली. उद्या हिमाचल वेगळा देश झाला तर? गोळी तीच, कारखाना तोच, मधुमेह तोच. बदलतील ते फक्त कागद. पण त्या कागदांवाचून ट्रक सीमेवर उभा राहील.

औषधांच्या नियमांमागची दुःखद गोष्ट

कुणी म्हणेल, एवढे कागद हवेतच कशाला? त्यामागे थॅलिडोमाइड आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध बाजारात आलं. ते निर्धोक समजलं जाई, त्यामुळे गरोदर स्त्रियांनाही उलट्या-मळमळीसाठी दिलं गेलं. मग हात-पाय नीट न वाढलेली बाळं जन्माला येऊ लागली. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते जर्मनीत आणि पाठोपाठ ब्रिटनमध्ये मागे घेतलं गेलं, तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त बाळांना बाधा झाली होती. अमेरिकेत मात्र औषध मंडळातल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा आहे म्हणून मंजुरी रोखून धरली होती, आणि तिथली हजारो बाळं वाचली.

या धक्क्यानंतर ब्रिटनने औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी 'यलो कार्ड' पद्धत १९६४ मध्ये सुरू केली. १९६५ मध्ये युरोपीय समुदायाने औषध-मंजुरीचा पहिला सामायिक नियम केला. त्याच वाटेने पुढे १९९५ मध्ये युरोपची सामायिक औषध संस्था उभी राहिली. तिचं नाव युरोपियन मेडिसिन्स एजन्सी, थोडक्यात ईएमए, आणि तिचं कार्यालय होतं लंडनमध्ये. तिथे एकदा मंजुरी मिळाली की औषध सगळ्या सदस्य देशांत चालायचं. ब्रिटनची स्वतःची संस्था, एमएचआरए, या कामात मोठा वाटा उचलायची. घरातला हुशार, हिशेबात पक्का भाऊ म्हणा ना.

२३ जून २०१६

त्या दिवशी ब्रिटनमध्ये पुन्हा जनमत झालं. ५१.९ टक्के लोकांनी 'बाहेर पडू' म्हटलं, ४८.१ टक्क्यांनी 'राहू'. बाहेर पडा म्हणणारे सगळे अडाणी किंवा द्वेष्टे होते असं समजणं चूक आहे. आपले कायदे आपल्या संसदेत व्हावेत असं अनेकांना मनापासून वाटत होतं. कारखाने बंद पडलेल्या गावांत दवाखान्याची वेळ मिळत नव्हती, घरं परवडत नव्हती, आणि पूर्व युरोपातून आलेल्या कामगारांमुळे हे झालं असं त्यांना सांगितलं जात होतं.

प्रचारात आरोग्य मध्यभागी होतं. एका लाल बसवर लिहिलं होतं की आपण युरोपला दर आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते पैसे त्याऐवजी एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला देऊ. आकडा फसवा होता. त्यात ब्रिटनला मिळणारी सूट वजा केलेली नव्हती आणि युरोपकडून परत येणारा पैसाही धरला नव्हता. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तेव्हाच हा दिशाभूल करणारा आकडा असल्याचं सांगितलं. पण बसवरचा आकडा लोकांच्या लक्षात राहिला, त्यावरचा खुलासा राहिला नाही. आरोग्याच्या नावाने दिलेला मोठा आकडा दिसला की आधी 'यातून काय वजा करायचं राहिलंय' हे विचारावं. हा सल्ला चमत्कारी औषधांच्या जाहिरातींनाही तितकाच लागू आहे.

मार्च २०१७ मध्ये ब्रिटनने बाहेर पडण्याची रीतसर नोटीस दिली. ३१ जानेवारी २०२० रोजी तो बाहेर पडला. पण ३१ डिसेंबर २०२० पर्यंत जुनेच नियम चालू ठेवायचे ठरलं होतं. ही शेवटची तारीख लक्षात ठेवा, लशीच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहे.

चिठ्ठी टाकून हललेलं कार्यालय

वाटणी झाली की सामायिक वस्तू कुणाकडे, हा प्रश्न पहिला येतो. युरोपची औषध संस्था युरोपबाहेर कशी ठेवणार? तिचं कार्यालय आपल्याकडे यावं म्हणून एकोणीस शहरांनी अर्ज केले. २० नोव्हेंबर २०१७ रोजी मतदान झालं आणि शेवटच्या फेरीत मिलान आणि ॲमस्टरडॅम यांना सारखी मतं पडली. मग चक्क चिठ्ठी टाकली गेली. ॲमस्टरडॅमचं नाव निघालं. लंडनमध्ये सुमारे ९०० माणसं काम करत होती. २०१९ च्या मार्चमध्ये कार्यालय हललं. लंडन सोडायचं नसल्याने काही अनुभवी माणसांनी नोकरीच सोडली, आणि काही काळ संस्थेला बिनतातडीची कामं बाजूला ठेवावी लागली.

ब्रिटनचं नुकसान वेगळं होतं. औषध कंपनीच्या दृष्टीने युरोपीय संघ म्हणजे सुमारे ४५ कोटी लोकांची बाजारपेठ, आणि ब्रिटन म्हणजे पावणेसात कोटींची. नवं औषध आलं की अर्ज आधी कुठे जाणार, हे सांगायला नकोच.

गोळ्यांचा साठा आणि टिकत नसलेलं औषध

करार झालाच नाही तर बंदरांवर ट्रकांच्या रांगा लागतील, या भीतीने ऑगस्ट २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने औषध कंपन्यांना नेहमीच्या साठ्यावर आणखी सहा आठवड्यांचा साठा ठेवायला सांगितलं. इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाला त्या दिवसांत काय वाटलं असेल, ते ज्यांच्या घरी इन्सुलिनची कुपी फ्रिजमध्ये असते त्यांना सांगावं लागणार नाही.

पण काही गोष्टींचा साठा करताच येत नाही. हाडांचा किंवा हृदयाचा 'न्यूक्लिअर स्कॅन' तुमच्यापैकी काहींनी पुण्यात करून घेतला असेल. त्यात टेक्नेशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देतात. तो दर सहा तासांनी निम्मा होतो, म्हणजे चोवीस तासांत सोळावा हिस्साच उरतो. उन्हात ठेवलेली बर्फाची लादीच ती. तो ज्या मॉलिब्डेनमपासून मिळतो, तेही ६६ तासांत निम्मं होतं. ब्रिटनमध्ये ते बनत नाही. नेदरलँड्स, बेल्जियम अशा देशांतल्या अणुभट्ट्यांतून येतं. म्हणून बंदरावर एक दिवस उशीर झाला तर तो एखाद्या कॅन्सर रुग्णाच्या तपासणीचा उशीर ठरतो. शेवटी विमानाने आणण्याची सोय करून वेळ निभावली.

तुटवडा एका रात्रीत आला नाही, हळूहळू वाढला. नफील्ड ट्रस्ट या ब्रिटिश अभ्याससंस्थेने दाखवलं की औषध कंपन्यांकडून 'आमचं अमुक औषध कमी पडणार' अशा येणाऱ्या सूचना २०२० ते २०२३ दरम्यान दुपटीहून जास्त झाल्या. याला एकटं ब्रेक्झिट जबाबदार नाही. कोविड, युक्रेनचं युद्ध, महागाई हे सगळं त्यात आहे, आणि औषधांची टंचाई युरोपातही झाली. पण संकट आलं की एकत्र कुटुंबात कुणीतरी हात देतं. वेगळं निघालेल्याला स्वतःच धावपळ करावी लागते.

परिचारिका आणि डॉक्टर: एक दार बंद, दुसरं उघडं

हा भाग आपल्या भागातल्या मुलामुलींशी थेट जोडलेला आहे.

भारतीय डॉक्टर ब्रिटनमध्ये फार पूर्वीपासून आहेत. पण २००६ मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलून युरोपबाहेरच्या डॉक्टरांचा प्रशिक्षणाचा रस्ता अचानक अरुंद केला. युरोपीय डॉक्टरांना आधी जागा, उरलं तर इतरांना. तिथे जाऊन परीक्षा देऊन बसलेल्या आपल्या अनेक डॉक्टरांवर रिकाम्या हाती परतायची वेळ आली. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची 'बापिओ' ही संघटना कोर्टात गेली आणि २००८ मध्ये सर्वोच्च पातळीवर, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, आरोग्य खात्याच्या त्या सूचना बेकायदा ठरल्या.

२०१६ च्या कौलानंतर वारा फिरला. युरोपातून येऊन पहिल्यांदाच ब्रिटनमध्ये नोंदणी करणाऱ्या परिचारिका २०१६-१७ मध्ये ६,३८२ होत्या, पुढच्याच वर्षी त्या ८०५ वर आल्या. इंग्रजीची नवी परीक्षा हेही त्याचं एक कारण होतं, पण 'आपण इथे नकोसे आहोत' ही भावनाही होती. रिकाम्या जागा तर भरायच्याच होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा सुरू झाला, आणि भारत हा ब्रिटनला सर्वांत जास्त परिचारिका देणाऱ्या देशांत पुढे आला. म्हणजे परदेशी माणसं कमी व्हावीत म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांच्या दवाखान्यात पोलंड-स्पेनऐवजी केरळ आणि महाराष्ट्राची माणसं आली. आजाराला माणूस लागतो, त्याचा पासपोर्ट कुठला हे आजार विचारत नाही.

पण हे दारही कायम सताड उघडं राहत नाही. वृद्धांची काळजी घेणाऱ्या केअर वर्करना २०२२ मध्ये या व्हिसात घेतलं, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरती बंद झाली. डॉक्टरांच्या बाबतीतही तिथल्या पदवीधरांना आधी जागा देण्याचं धोरण पुन्हा आलं आहे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्याकडे एक आई आली होती. झोप लागत नाही, छातीत धडधडतं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. बोलता बोलता समजलं की मुलीला 'लंडनला नर्सिंगच्या कामाला' लावतो म्हणणाऱ्या एका एजंटला घरच्यांनी बागेचे पैसे दिले होते. व्हिसा आला नाही आणि फोन लागेना. त्यांना मी कुठली गोळी देणार होतो? म्हणून लक्षात ठेवा: ब्रिटनच्या कायद्यानुसार नोकरी शोधून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घेता येत नाही. परिचारिका म्हणून काम करायचं तर इंग्रजीची परीक्षा, तिथल्या परिचारिका परिषदेची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा आणि नोंदणी लागतेच. 'परीक्षेशिवाय लावतो' म्हणणारा माणूस फसवतो आहे.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे: मांजरीची लस

२ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनने फायझरच्या लशीला जगात सर्वांत आधी आणीबाणीची मंजुरी देणाऱ्या पाश्चात्त्य देशाचा मान मिळवला. 'बघा, ब्रेक्झिटमुळे जमलं', असं तिथले काही मंत्री म्हणाले. पण मघाची तारीख आठवा. ३१ डिसेंबरपर्यंत युरोपचेच नियम लागू होते, आणि त्याच नियमांत संकटकाळी स्वतंत्र मंजुरी देण्याची सोय होती. एमएचआरएच्या प्रमुखांनीच हे स्पष्ट केलं. मात्र युरोपच्या सामूहिक लस-खरेदीत न जाता ब्रिटनने आपली लस आधी नोंदवून ठेवली आणि त्याचा त्याला फायदा झाला, हेही तितकंच खरं. वेगळं निघालेल्याला निर्णय चटकन घेता येतो.

३० डिसेंबरला ब्रिटनने ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची लस मंजूर केली, युरोपने २९ जानेवारी २०२१ ला. त्याच दिवशी लशीवरून भांडण पेटलं. कंपनीने युरोपचा पुरवठा कमी केला होता, ब्रिटनचा चालू होता. युरोपीय संघाने आयर्लंडच्या सीमेवरून लस पलीकडे जाऊ नये म्हणून आणीबाणीचं कलम वापरण्याची घोषणा केली आणि गदारोळ होताच काही तासांत मागे घेतली.

हीच लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट 'कोविशिल्ड' नावाने बनवत होती. तुमच्या दंडात गेलेल्या लशीच्या कुपीवर पत्ता होता मांजरी बुद्रुक, पुणे. म्हणजे इंदापूर-भिगवणहून सोलापूर रस्त्याने पुण्याला जाताना हडपसरच्या अलीकडे जी मांजरी लागते, ती. ब्रिटनने सीरमकडून एक कोटी डोस मागवले. मार्च २०२१ मध्ये ५० लाख पोहोचले, उरलेले लांबले, कारण तोवर भारतालाच त्यांची गरज होती.

आणि इथे गाठ पडली. युरोपात औषधाची मंजुरी देताना ते कुठल्या कारखान्यात बनलं तेही बघतात. ब्रिटनच्या एमएचआरएने पुण्याच्या कारखान्यातून आलेली लस स्वीकारली होती. ईएमएकडे त्या कारखान्यासाठी मंजुरी नव्हती. म्हणून १ जुलै २०२१ ला युरोपचं डिजिटल प्रमाणपत्र सुरू झालं, तेव्हा सामायिक यादीत ॲस्ट्राझेनेकाची युरोपीय लस होती, कोविशिल्ड नव्हती. याचा फटका इंग्रजांनाही बसला. पुण्याच्या बॅचची लस टोचलेल्या काही ब्रिटिश प्रवाशांना माल्टाला जाणाऱ्या विमानात बसू दिलं नाही. 

भारताने दबाव आणल्यावर युरोपातल्या एकेका देशाने कोविशिल्ड मान्य केली. गंमत पुढे आहे. सप्टेंबरमध्ये खुद्द ब्रिटनने नवे प्रवासनियम केले, त्यात भारतात घेतलेली कोविशिल्ड धरली नाही. टीका झाल्यावर लस मान्य, पण तुमचं प्रमाणपत्र अमान्य! ४ ऑक्टोबरपासून भारतानेही ब्रिटनहून येणाऱ्यांना दहा दिवसांचं विलगीकरण लावलं. ११ ऑक्टोबरला ब्रिटनने अट काढली.

या सगळ्या महिन्यांत मांजरीच्या कुपीतला द्रव एका थेंबानेही बदलला नव्हता.

बोरीची द्राक्षं आणि दोन याद्या

मांजरीतच आणखी एक संस्था आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र. निर्यातीच्या द्राक्षांत औषधांचे अंश किती, यावर देशभरात देखरेख ठेवणारी संदर्भ प्रयोगशाळा तिथेच आहे. इंदापूर तालुक्यात बोरी परिसरातले बागायतदार हे माझ्याहून जास्त जाणतात.

युरोपात ज्या कीडनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. हे किती? सर्दीला तुम्ही घेता ती सेटिरिझिनची एक गोळी १० मिलिग्रॅमची असते. ती एक गोळी कुटून एक टन द्राक्षांत सारखी पसरली, तर जो अंश येईल तेवढा.

२०१० मध्ये याचा मोठा फटका बसला. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट, आपण ज्याला लिहोसिन किंवा सीसीसी म्हणतो, त्याचे अंश युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत सापडले. फवारणी होऊन महिने लोटले होते, पण ते वेलीत टिकून राहिलं होतं. कंटेनर अडकले, भाव कोसळले, अनेक बागायतदार कर्जात गेले. त्यानंतर तपासण्या आणखी कडक झाल्या.

तोवर एक बरं होतं. रॉटरडॅमला उतरणाऱ्या आणि ब्रिटनला जाणाऱ्या मालाला नियमांची यादी एकच होती. १ जानेवारी २०२१ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सची यादी वेगळी झाली. पहिल्या दिवशी दोन्ही सारख्याच होत्या, पण युरोपने नंतर केलेला बदल ब्रिटनला आपोआप लागू होत नाही. त्यामुळे 'युरोपला चालतं ते ब्रिटनला चालतं' असं गृहीत धरून फवारणी करू नका. माल कुठे जाणार हे आधी ठरवा, त्या देशाची चालू यादी निर्यातदाराकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून बघून घ्या.

डॉक्टर म्हणून माझा एक आग्रह आहे. परदेशी ग्राहकासाठी आपण फवारणी आणि काढणी यांतलं अंतर काटेकोर पाळतो. आपल्या बाजारात जाणारी द्राक्षं आपलीच नातवंडं खातात. त्यांनाही तेवढंच अंतर मिळायला हवं. आणि फवारणाऱ्या माणसाला हातमोजे आणि मास्क. फळं वाहत्या पाण्यात धुतल्याने वरचा अंश कमी होतो, आत मुरलेला जात नाही, हे लक्षात असू द्या.

वेगळं निघाल्यावरही सामायिक विहीर

वाटणी झाली तरी विहीर आणि वाट सामायिकच राहते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ब्रिटनचंही तसंच झालं. उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, पण शेजारचं आयर्लंड युरोपीय संघात. मध्ये कुंपण घातलं तर जुना रक्तरंजित वाद पुन्हा पेटेल, म्हणून तिथे युरोपचे बरेच नियम ठेवले. मग लंडनहून बेलफास्टला जाणाऱ्या औषधांचीच अडचण झाली. फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर करारानंतर आणि १ जानेवारी २०२५ पासून पाकिटावर 'फक्त ब्रिटनसाठी' असं छापून ती वाट मोकळी झाली.

१ जानेवारी २०२४ पासून ब्रिटन युरोपच्या 'होरायझन' संशोधन कार्यक्रमात परत गेला. त्याच दिवसापासून एमएचआरएने युरोप, अमेरिका, जपान अशांनी दिलेल्या मंजुरीचा आधार घेऊन औषधं लवकर मान्य करण्याची पद्धत सुरू केली. दुसरीकडे, २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनने भारताशी स्वतंत्र व्यापार करार केला. संघात असताना असा वेगळा करार त्याला करताच आला नसता.

तर ब्रेक्झिट चांगलं की वाईट? हा त्या लोकांचा निर्णय. एवढं मात्र दिसतं की वेगळं होण्याची किंमत मतपत्रिकेवर छापलेली नसते. ती नंतर मेडिकलच्या काउंटरवर, स्कॅनच्या तारखेत आणि रिकाम्या ड्यूटी-चार्टवर दिसते. आणि ती बहुतेक वेळा आजारी माणूसच भरतो.

तुमच्यासाठी चार गोष्टी

१. परदेशी जाताना रोजच्या गोळ्या मूळ पट्टीत ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घ्या. कंपनीचं नाव तिकडे कुणाला कळणार नाही.

२. लस किंवा औषध 'यादीत नाही' याचा अर्थ ते खराब आहे असा नाही. तसंच 'परदेशात मंजूर' म्हणजे सगळीकडे मंजूर असंही नाही.

३. ब्रिटनसाठी घेतलेला व्हिसा, विमा किंवा प्रमाणपत्र युरोपातल्या इतर देशांत चालेल असं धरू नका. प्रत्येक देशाचा नियम तिकीट काढण्याआधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बघा.

४. इन्सुलिन, फिटच्या गोळ्या, थायरॉइडची गोळी अशी न चुकवता घ्यायची औषधं संपेपर्यंत थांबू नका. आठ-दहा दिवसांच्या हाताशी असू द्या.

गुरुजींना त्या वर्षी जाता आलं नाही. नियम सुटेसुटेपर्यंत बाळ जन्मलं होतं आणि बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. बाईंनी इकडून पाळणा म्हटला. मागच्या वर्षी नात इंदापूरला आली, तेव्हा गुरुजी तिला घेऊन माझ्याकडे आले. तिच्या लसीकरणाचं कार्ड परदेशी भाषेत होतं, आणि पुढची लस कुठली द्यायची हे त्यांना विचारायचं होतं. आम्ही दोघांनी मिळून तारखा लावल्या. लशींची नावं वेगळी होती, पण ज्या आजारांसाठी दिल्या होत्या ते आजार मात्र आपल्याकडचेच होते.

काळजी घ्या.